लेकराचा ताप: दीडशेचा थर्मामीटर की दीड हजाराची गन?

घरात लहान लेकरू असेल तर मेडिकलमधून साधा डिजिटल थर्मामीटर आणून ठेवा. परभणीचा उन्हाळा पाहता त्याहून जास्त खर्चाची गरज सहसा पडत नाही. खालचे दर अंदाजे आहेत, कंपनीप्रमाणे फरक पडतो.

हात लावून (फुकट): ताप नाही, हे आईच्या हाताला बऱ्यापैकी कळतं. आहे असं वाटतं तेव्हा मात्र हात अनेकदा फसवतो, आणि किती आहे ते सांगत नाही.

डिजिटल, काखेत (₹१०० ते २५०): तान्ह्या बाळापासून सगळ्यांना चालतो. आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी येतो.

कपाळावरची गन (₹८०० ते २०००): झोपलेल्या लेकराला उठवावं लागत नाही. पण घाम, पंख्याचा वारा, नुकतंच लागलेलं ऊन यांनी आकडा हलतो.

कानाचा (₹१५०० च्या पुढे): सहा महिन्यांखालच्या बाळाला नको. टोक वाकडं बसलं की आकडा चुकतो.

पाऱ्याचा काचेचा: स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. फुटला तर विषारी पारा घरभर पसरतो.

मे महिन्यातली अडचण

बहुतेक गन खोलीचं तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच भरवशाच्या. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याच्या घरात विचारूच नका. गन असलीच तर सकाळी किंवा कूलरच्या खोलीत वापरा, पण कूलरचा झोत लेकरावर नको. उन्हातून आलेल्या लेकराला आधी वीस मिनिटं सावलीत बसू द्या.

काखेत कसा लावायचा

घाम पुसा. टोक काखेच्या मधोमध कातडीला टेकवा, दंड छातीशी दाबून धरा, बीप होईपर्यंत हलवू नका. ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप समजा. मनानं एक डिग्री मिळवू नका. डॉक्टरांना आकडा, वेळ आणि कुठे मोजला ते सांगा.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप दिसला तर वाट न बघता दवाखाना गाठा. लेकरू दूध घेत नसेल, मलूल पडलं, झटके आले, धाप लागली किंवा तान्हं बाळ गार पडलं, तर आकडा काहीही असो, थांबू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

पैसे कुठे वाचतील

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्या किटमध्ये थर्मामीटर असतो. पहिल्याच भेटीत त्यांच्यासमोर स्वतः ताप मोजून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून थर्मामीटरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, म्हणून बिल मागा आणि त्यावरचा कराचा दर तपासा.