ताप उतरला, तेव्हा

पुतण्याचा डेंग्यूचा ताप उतरला आणि आईने देवापुढे साखर ठेवली. पोरगा मात्र उठेना. पोटात दुखतंय म्हणाला, उलट्या सुरू झाल्या. हात धरला तर गार आणि चिकट. सकाळपासून लघवीलाही गेला नव्हता. लगेच रिक्षा करून दवाखाना गाठला, म्हणून निभावलं.

आमचा घरगुती हिशेब सरळ होता: ताप गेला म्हणजे विषाणू गेला, विषाणू गेला म्हणजे धोका टळला. यातलं पहिलं बरंचसं खरं आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तात सर्वाधिक असतो तो तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. ताप उतरेपर्यंत तो झपाट्याने घटतो. पण अवघड टप्पा साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच येतो. विषाणूचं एनएस-१ नावाचं प्रथिन आणि त्याच्याशी लढायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती, दोन्ही मिळून बारीक रक्तवाहिन्या सैल करतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, दाब कोसळतो.

मग विषाणूचं सुरुवातीचं प्रमाण बिनमहत्त्वाचं का? तसंही नाही. थायलंडमधल्या मुलांवरचा २००० सालचा अभ्यास आणि व्हिएतनाममधला २०२१ सालचा, दोन्हींत ज्यांच्यात सुरुवातीला विषाणू जास्त, त्यांचा आजार गंभीर होण्याचा संभव जास्त, असंच दिसलं. शिवाय डेंग्यूचे प्रकार चार. एकदा एक होऊन गेला की दुसऱ्या वेळी जुनी प्रतिपिंडं कधी कधी नव्या विषाणूला पेशीत शिरायला मदतच करतात. म्हणून ‘मला आधी डेंग्यू झालाय’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. पण विषाणूच्या एकट्या आकड्यावरून अमुक रुग्णाचं काय होईल ते सांगता येत नाही. आपल्याकडची एनएस-१ तपासणीची पट्टी तर फक्त हो की नाही एवढंच सांगते. ‘लाइन गडद आली’ म्हणून घाबरणारे मी पाहिलेत, उगाच.

वॉर्डात जो येई तो ‘प्लेटलेट किती?’ हेच विचारी. किवीच्या पिशव्या, पपईच्या पानांचा रस, सगळं आलं. डॉक्टरीणबाई मात्र रिपोर्टमधल्या पीसीव्हीवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्यावर, बोट ठेवून उभ्या: ३८चा ४७ झाला होता. रक्त घट्ट होतंय ते हा आकडा सांगतो, आणि सलाईन किती द्यायचं ते बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. जास्त दिलं तर तेही छातीत साठतं.

तेव्हा ताप उतरल्यावर दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी, यांतलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. आणि तापाच्या दिवसांत मच्छरदाणी आधी रुग्णाला, दुपारच्या झोपेलासुद्धा. तेव्हा त्याचं रक्त विषाणूने भरलेलं असतं, आणि एडिस डास दिवसा चावतो.