संगणकातील नोंदींची दुसरी प्रत

अहिल्यानगर शहराला लागून, मनमाडच्या रस्त्यावर नागापूर हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीमुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झाले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहान उद्योग अशा वसाहतीत असतातच. चार-दोन यंत्रे, मोजके कामगार आणि कोपऱ्यातील टेबलावर एक संगणक, एवढाच त्यांचा पसारा. यंत्रांचा विमा उतरविलेला असतो, दाराला कुलूप असते, रात्री राखणदारही असतो. संगणकात मात्र गिऱ्हाइकांची येणी, सुट्या भागांची आरेखने आणि वस्तू व सेवा कराचा सारा हिशेब असतो. आणि बहुधा तो त्या एकाच ठिकाणी असतो. या कराचा कायदा १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. संगणक बिघडला तर नवा विकत आणता येतो. परंतु कोणाकडून किती येणे होते, हे त्या नव्या संगणकाला ठाऊक नसते.

अशा उद्योगांत काम करणाऱ्यांची मुले आसपासच्या शाळांतून शिकत असतात. यास्तव हा विषय शिक्षकाला परका नाही. शिवाय आता शाळेच्या कार्यालयातही संगणक आहे. निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, हे सर्व त्यात साठत जाते. क्वचित ते मुख्याध्यापकांच्या भ्रमणध्वनीतच असते आणि त्यांची बदली झाली की त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी निघून जाते.

शाळेच्या एका जुन्या नोंदीचे मोल किती असते, हे २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसुली दप्तराबरोबर शाळांची जुनी जनरल रजिस्टरेही कपाटांतून बाहेर काढण्यात आली. कित्येक जुन्या नोंदी मोडी लिपीत होत्या. पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर नातवंडाचा दाखला अवलंबून असावा, आणि ते पान वाळवीने खाल्लेले निघावे, याहून मोठी हानी शाळेच्या दप्तराची ती कोणती? त्या पानाची छायाप्रत वेळीच काढून अन्यत्र ठेवली असती तर पान गेले तरी नोंद राहिली असती. संगणकाच्या व्यवहारात अशा प्रतीला ‘बॅकअप’ म्हणतात. आपण तिला राखीव प्रत म्हणू.

प्रतींचे महत्त्व या जिल्ह्याला नवे नाही. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही परंपरा प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. सच्चिदानंदबाबांच्या हातची ती पोथी आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो गावोगावच्या लोकांनी केलेल्या नकलांमुळे. या नकलांत कालांतराने चुका व पाठभेद शिरले, म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलकाराचा हात चुकतो, हा हस्तलिखितांचा दोष होता. संगणकाची नक्कल अक्षरशः तंतोतंत उतरते व क्षणात होते. तथापि आज नकला करण्याचा आळस अधिक आहे, कदाचित काम सोपे झाल्यामुळेच.

आता खरी राखीव प्रत कोणती, ते नीट पाहिले पाहिजे. कारण या बाबतीत भ्रम फार आहेत. एकाच संगणकात ‘सी’ कप्प्यातील नोंदी ‘डी’ कप्प्यात उतरविल्या म्हणजे काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. हे दोन्ही कप्पे बहुधा एकाच तबकडीचे भाग असतात. तबकडी बिघडली की दोन्ही एकदम जातात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या तबकडीवरून वाचन करणारे टोक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून सरकत असते. धक्का, उष्णता आणि विजेचे अकस्मात जाणे-येणे यांपैकी काहीही तिला पुरते. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यास सोयीचा खरा, पण वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेल्या पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये.

दुसरा भ्रम ‘क्लाउड’विषयी आहे. इंटरनेटवरून दूरच्या साठवणीत नोंदी आपोआप जात असल्या म्हणजे निश्चिंती, असे वाटते. त्या साठवणीचा उपयोग निश्चित आहे. परंतु संगणकातील धारिका चुकून पुसली तर जोडलेल्या साठवणीतूनही ती पुसली जाते, कारण दोन्हीकडे एकसारखे ठेवणे हेच त्या जोडणीचे काम आहे. पुसलेली धारिका बहुधा काही दिवसच परत मिळू शकते. चूक दोन महिन्यांनी ध्यानात आली तर उपयोग काय?

तिसरे संकट आणखी निराळे आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने सुमारे दीडशे देशांतील संगणक ग्रासले. हा विषाणू धारिका पळवीत नसे. तो त्यांना जणू कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. अशा वेळी संगणकाला कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही त्याच कुलपाखाली जाते. म्हणून नक्कल उतरविल्यावर डिस्क सोडवून निराळी ठेवावी.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने या सर्वांवर एक सुटसुटीत सूत्र रूढ केले: तीन, दोन, एक. नोंदींच्या मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी. शाळेपुरते बोलायचे तर एक प्रत कार्यालयातील संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर कपाटात आणि तिसरी केंद्रशाळेत. लहान उद्योजकाने डिस्क आठवड्यातून एकदा घरी न्यावी. आग किंवा पुराचे पाणी कार्यालय आणि कपाट असा भेद करीत नाही.

प्रत असूनही ती उपयोगी पडत नाही, असे मोठ्या ठिकाणीही घडले आहे. अमेरिकेतील पिक्सार या चित्रपट कंपनीत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना कोणीतरी दिलेल्या चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या धारिका धडाधड पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत होती, पण ती नीट उतरत नव्हती आणि हे आधी कोणी तपासले नव्हते. गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई बाळंतपणामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत सापडली, तेव्हा चित्रपट वाचला. अर्थात हा योगायोग होता, व्यवस्था नव्हे.

यावरून वर्गात घ्यावयाचा पाठ सुचतो. विद्यार्थ्यांकडून गावाच्या माहितीची एक लहानशी धारिका तयार करवून घ्यावी. ती पेनड्राइव्हवर उतरवावी. मग सर्वांसमक्ष संगणकातील मूळ धारिका पुसून टाकावी. मुले क्षणभर दचकतील. ते दचकणे शिकण्यासाठी आवश्यकच आहे. त्यानंतर त्यांच्यापैकीच एकाने पेनड्राइव्हवरून धारिका परत आणून उघडून दाखवावी. नुसती आणणे पुरेसे नाही, उघडून वाचली पाहिजे. शाळेच्या खऱ्या नोंदींचीही अशी तपासणी शिक्षकाने प्रत्येक सत्रात एकदा करावी. मात्र ती दुसऱ्या संगणकावर करावी आणि मूळ धारिकांना हात लावू नये.

उघडून वाचण्याचा आग्रह मराठी शाळांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत जुळविला जाई. त्या धारिका आज उघडल्या आणि तो टंक संगणकात नसला, तर अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसतात. नक्कल शाबूत, पण मजकूर वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे. जुन्या धारिका संग्रही असल्यास त्यांचे युनिकोडात रूपांतर करून घ्यावे आणि जोपर्यंत ते होत नाही तोपर्यंत छापील प्रत टाकू नये.

विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व घरची माहिती असलेली डिस्क उघड्यावर ठेवणे योग्य नव्हे. तिला परवलीचा शब्द घालावा आणि तो शब्द पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा; केवळ एकाच व्यक्तीच्या स्मरणात ठेवू नये. डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवून नक्कल उतरविल्याची तारीख शाईने लिहावी, आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत इतर वस्तूंबरोबर या डिस्कचीही नोंद करावी.