इंजिन बदलताना पाण्याच्या नळ्यांची फेरजोडणी



या पानात नेहमी लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर लिहिले जाते. या खेपेस विषय यंत्राचा आहे, तरी उसापासून लांबचा नाही. एप्रिल-मे मध्ये पाण्याची एक पाळी चुकली की उसाच्या कांड्या आखूड पडतात. नेमके त्याच वेळी इंजिन जाम झाले तर मेकॅनिक येऊन पिस्टन निघेपर्यंत दुसरीही पाळी हातची जाते.

विजेचा पंप आला, सौर पंप आला, म्हणून काहींनी आपली ऑईल इंजिने विकून टाकली. पूस आणि पैनगंगेच्या काठावर मात्र अडीनडीला इंजिन अजून लागतेच. मग असे जुने इंजिन विकत घेऊन पहिल्या इंजिनाच्या फाउंडेशनवर बसविले जाते. बोल्टची भोके जुळवितात, पुली बदलतात, पट्टा चढवितात. पाण्याच्या नळ्या तेवढ्या होत्या तशाच राहतात. "साहेब, नळीचं काय घेऊन बसले, पानी तं जाते ना?" असे एका सभासदांनी मला विचारले. पाणी जाते हे खरे, पण ते कोठून शिरते, कोठून निघते आणि किती गरम होऊन निघते यावर इंजिनाचे आयुष्य ठरते.

आधी दोन पद्धती समजून घेऊ. जुनी सावकाश चालणारी इंजिने लिस्टर घडणीची, मिनिटाला ६५० फेऱ्यांची. हा नमुना इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास निघाला आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी तो गावोगाव पोचविला. यांना बहुधा शेजारी पाण्याची टाकी असे. गरम पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत चढते आणि टाकीच्या तळचे गार पाणी खालच्या नळीने इंजिनात येते. हे सर्व पंपाशिवाय, आपोआप चालते. म्हणून त्या नळ्या रुंद असाव्या लागतात आणि वरच्या नळीला टाकीकडे सारखा चढ लागतो. टाकीतील पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले की फिरणे बंद पडते.

दुसरी पद्धत १५०० फेऱ्यांच्या छोट्या इंजिनांवर आपण पाहतो. पंपाच्या डिलिव्हरी पाइपाला भोक पाडून अर्ध्या इंचाची नळी काढतात. ती इंजिनाला पाणी देते आणि ते पाणी दुसऱ्या बाजूने पाटात पडते. येथे पाणी दाबाने येते, त्यामुळे बारीक नळी चालते.

घोटाळा होतो तो एका पद्धतीच्या नळ्या दुसऱ्या पद्धतीला लावल्यामुळे. अर्ध्या इंचाची नळी टाकीला जोडली तर पाणी पुरेसे फिरत नाही. उलट प्रकारही आढळतो. जुनी वरची नळी हाताशी असते म्हणून पंपाचे पाणी हेडमध्ये वरून सोडतात आणि खालून काढतात. त्यामुळे हेडच्या वरच्या पोकळीत हवा अडकते. तेवढी जागा कोरडी तापते आणि एक दिवस हेडला चीर जाते. पद्धत कोणतीही असो, पाणी खालून शिरावे व वरून निघावे. नळी मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरू नये, कारण त्या उंचवट्यावर हवा साठते.

कॉक कोठे बसवावा? आत येणाऱ्या नळीवर. निघणाऱ्या नळीवर बसविला तर पंपाचा सगळा दाब इंजिनाच्या पोटात राहतो आणि गॅस्केट गळू लागते. निघणारे तोंड उघडे, डोळ्यांसमोर असावे. धार तुटली की बारे देणाऱ्यालाही लांबून कळते. काही जण हे गरम पाणी परत सक्शनकडे वळवितात, ते करू नये. रबरी होज वापरला असेल तर तो धुराड्यापासून व पट्ट्यापासून दूर न्यावा.

आता तापमान. आपल्याकडे समजूत अशी की इंजिन जितके गार तितके चांगले. कॉक पूर्ण उघडा ठेवतात आणि हात लावून समाधानाने सांगतात, "पाहा, कसं थंडगार चालते!" हे चूक आहे. सिलिंडर फार गार राहिला तर डिझेल नीट जळत नाही. न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन खाली उतरते, चेंबरमधले तेल पातळ होते, रिंगा झिजतात आणि डिझेलही जास्त लागते. निघणारे पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस असावे. या पाण्यात हात धरवत नाही, पण वाफही दिसत नाही. थर्मामीटर आणलेला बरा. कॉक थोडा थोडा बंद करून हे तापमान साधावे आणि खूण करून ठेवावी.

पुराच्या दिवसांत नदीच्या पाण्यातला गाळ जॅकेटमध्ये बसतो, तर विहिरीच्या जड पाण्याचे क्षार चुलीवरच्या भांड्यासारखे आतून थर धरतात. माझ्या मते गढूळ पाणी असणाऱ्यांनी छोट्या इंजिनाला २०० लिटरचा ड्रम लावून रुंद नळ्यांची टाकी-पद्धतच स्वीकारावी आणि ड्रममध्ये स्वच्छ पाणी भरत राहावे. एरवी निदान नळीच्या तोंडाशी जाळी बसवावी. वापरलेले इंजिन घेतले असेल तर जोडण्यापूर्वी जॅकेट उघडून धुवावे.

घरातली मुले मोटारींचे इंजिन बदलतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. पेट्रोल मोटारीत गरम पाण्याची एक बारीक नळी थ्रॉटल बॉडीतून फिरविलेली असते. थंड, दमट हवेत तेथे बर्फ धरू नये हा तिचा हेतू. आपल्या उन्हात तिची फारशी गरज नाही, म्हणून इंजिन बदलताना ती गाळतात. गाळावी, पण दोन्ही तोंडांना बुच मारू नयेत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी त्याच वाटेने फिरते किंवा हवा तेथून निघते. दोन्ही टोके गरम पाण्याच्या होजने एकमेकांस जोडावीत आणि नंतर हवा काढून पाणी भरावे.

जोडणी झाल्यावर पहिला अर्धा तास इंजिनापासून हलू नये. पंपाने पाणी सोडले तर इंजिन काही मिनिटांतच तापते. अशा वेळी ते बंद करून आपोआप निवू द्यावे, गार पाणी ओतू नये. तापलेले हेड त्यानेच तडकते.

– ऊस विकास अधिकारी