मेलेल्याला उठवतो कोण? मदारा, मासाकाडो आणि कचारगड

हा लेख खरं तर एका भांडणातून जन्माला आला. रात्रीचे साडेअकरा, होस्टेलची लाईट गेलेली, लाईटीबरोबर वायफायही गेलेलं, आणि लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर आमच्या खोलीत आठ जण 'नारुतो' बघत बसलेले. उचिहा मदारा मेलेला असूनही उठतो आणि एकटाच फौजेत उडी घेतो, तो प्रसंग चालू होता. ऐन वेळी बॅटरी संपली आणि अंधारात वाद सुरू झाला : मदारा खलनायक की नाही?

माझा रूम पार्टनर (मेकॅनिकल, तिसरं वर्ष, प्रत्येक विषयावर मत तयार) म्हणाला, "काही म्हण, मेलेला योद्धा परत उठवायचा ही आयडिया जपान्यांनाच सुचू शकते. आपल्याकडे असलं काही नाही." मी पटकन म्हणालो, "आहे. माझ्या गावाजवळ आहे." बोललो आणि जीभ चावली. कारण माझं गाव कुठलं, हे दोन वर्षं मी 'गोंदियाकडचं' एवढ्यावरच भागवत आलो होतो. आडनाव विचारलं की विषय बदलायचा, हेही जमायला लागलं होतं. आता आठ जण अंधारात "सांग ना बे" म्हणून बसलेले. मी अर्धवट काहीतरी सांगितलं आणि ते चुकीचं सांगितलं. ती चूक दुरुस्त करायला पुढे तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांचा अभ्यास म्हणजे हा लेख.

आधी मदारा, कारण बहुतेकांना तोच ठाऊक आहे. मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' ही चित्रकथा 1999 ते 2014 अशी पंधरा वर्षं जपानी साप्ताहिकात चालली. तिच्यात मेलेल्यांना उठवण्याची एक विद्या आहे, 'एदो तेन्सेई'. जपानी बौद्ध धर्मात 'जोदो' म्हणजे शुद्ध भूमी, मेल्यावर पोहोचायची जागा. 'एदो' म्हणजे तिच्या उलट, आपलं हे मळलेलं जग. तेव्हा एदो तेन्सेई म्हणजे शुद्ध भूमीतून ओढून पुन्हा या मळक्या जगात जन्माला घालणं. नावातच कळतं की ज्याला उठवलं त्याच्यावर हा उपकार नाही. ही विद्या चालते कशी? मेलेल्याच्या शरीराचा एखादा अंश लागतो आणि एक जिवंत माणूस बळी द्यावा लागतो. उठलेल्याच्या डोक्यात मंत्राची चिठ्ठी घातली की तो उठवणाऱ्याचा गुलाम! शरीर तुटलं तरी पुन्हा जुळतं, शक्ती संपत नाही, फक्त मर्जी स्वतःची राहत नाही. म्हणजे हार्डवेअर अमर आणि कंट्रोल दुसऱ्याच्या हातात. मदाराचा थरार यातच आहे, की त्याला ही विद्या आतून माहीत असते. तो स्वतःच करार मोडतो आणि उठवणाऱ्याच्या हातातून सुटतो.

त्याच कथेत दुसरीही एक विद्या आहे, 'रिन्ने तेन्सेई'. रिन्ने म्हणजे आपलं संसारचक्र. नागातो हा आधी गाव उद्ध्वस्त करतो आणि मग याच विद्येने त्या गावातल्या मेलेल्यांना खरोखर जिवंत करतो. पण किंमत म्हणून स्वतः मरतो. पहिल्या विद्येत किंमत दुसऱ्याने मोजायची, दुसरीत स्वतः. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रश्न असा, की जपानी कथेत असा उठवलेला योद्धा इतक्या वेळा येतो कुठून? वाचत गेलो तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या मागे खरा माणूस सापडतो, आणि तो बहुधा हरलेला असतो. आमाकुसा शिरो हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरपेक्षाही लहान. जबर कर आणि ख्रिस्ती लोकांचा छळ यांना कंटाळून शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी 1637 मध्ये बंड केलं, त्याचा तो म्होरक्या. 1638 मध्ये हारा किल्ला पडला, त्याचं डोकं उडवलं आणि आतल्या लोकांची कत्तल झाली. पुढे फुतारो यामादा यांच्या कादंबरीत, मग 1981 च्या सिनेमात, मग गेम आणि ॲनिमेमध्ये हाच पोरगा मेलेल्यांतून उठून सूड घेणारा राक्षस झाला. ज्यांना मारलं ते राक्षस, मारणारे नुसते सरकार!

त्याहून जुना मासाकाडो. तायरा नो मासाकाडोने पूर्व जपानात दरबाराविरुद्ध बंड केलं आणि 940 मध्ये तो मारला गेला. डोकं राजधानीत नेऊन टांगलं. दंतकथा म्हणते, ते डोकं उडत उडत परत पूर्वेकडे आलं. ते जिथे पडलं म्हणतात ती जागा आज टोकियोच्या ओतेमाची भागात, बँका आणि ऑफिसांच्या मधोमध आहे. 1923 च्या भूकंपानंतर तिथे अर्थखात्याचं तात्पुरतं ऑफिस बांधलं, मग खात्यातली काही माणसं दगावली आणि लोक म्हणाले, मासाकाडो कोपला. कांदा म्योजिन या देवळात तो देव म्हणून होता. 1874 मध्ये सम्राटाच्या भेटीच्या सुमारास त्याला काढलं, कारण सम्राटाने बंडखोराला नमस्कार कसा करायचा? 1984 मध्ये त्याला पुन्हा आत घेतलं. पुढच्याच वर्षी हिरोशी आरामाता यांची 'तेइतो मोनोगातारी' ही कादंबरी पुस्तकरूपात यायला लागली. 1991 मध्ये तिच्यावर ॲनिमेही झाला. त्यातला खलनायक कातो मासाकाडोला जागं करून टोकियो बुडवायला निघतो. गंमत अशी की मासाकाडो स्वतः खलनायक नाही, त्याला हत्यार म्हणून वापरू बघणारा खलनायक आहे. पार्टनरला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

असो. आता आपल्या घरी येऊ.

मुंबई-हावडा लाईनवर गोंदियाच्या पुढे सालेकसा, मग दरेकसा. तिथून छत्तीसगडची हद्द अगदी जवळ. याच सालेकसा तालुक्यात धनेगावजवळ जंगलात कचारगडची गुहा आहे. आशियातली सर्वांत मोठी वगैरे लोक सांगतात, ते सोडून द्या, मोठी आहे एवढं नक्की. आम्हा गोंडांसाठी ती उगमाची जागा आहे. दर माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात, पिवळे झेंडे घेऊन, "जय सेवा" म्हणत. जत्रेचं आजचं मोठं रूप मात्र 1980 च्या दशकापासूनचं. नागपूरचे भाषातज्ज्ञ मोतीरावण कंगाली (निधन 2015) आणि त्यांच्या सोबत्यांनी कथेतली जागा ती हीच, असं मांडलं आणि लोक यायला लागले. मी लहानपणी आजाच्या खांद्यावर बसून गेलो होतो. दहावीनंतर गेलो नाही. का, ते वर आलंच आहे.

त्या रात्री मी सांगितलेली गोष्ट अशी : आमचा लिंगो मारला गेला आणि परत उठला. ही गोष्ट मी खोटी रचलेली नव्हती. ती छापलेली आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचे मिशनरी, 1845 पासून नागपुरात होते. त्यांनी परधान गायकाकडून लिंगोचं लांबलचक गाणं लिहून घेतलं होतं. 4 सप्टेंबर 1863 ला रात्री ओढा ओलांडताना ते बुडून वारले. कागद तसेच राहिले. मग मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 मध्ये छापून आणले.

त्या गाण्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडाशी 16 हात लांबीचा दगड लावतो. चार भाऊ तेवढे निसटतात. लिंगो त्यांना सांभाळतो, त्यांची लग्नं लावून देतो. पुढे भावांच्या बायका लिंगोवर खोटा आळ घेतात, भाऊ त्याला शिकारीच्या बहाण्याने रानात नेऊन बाणांनी मारतात, आणि त्याचे डोळे काढून गोट्या खेळतात. (हे वाचून पार्टनर म्हणाला, हे तर शारिंगानपेक्षा भयंकर! ॲनिमे बघणाऱ्यांना विनोद कळेल.) मग देव कावळ्याला अमृत देऊन पाठवतो आणि लिंगो उठतो. इथेच मला वाटतं गोष्ट सगळ्या ॲनिमेंपेक्षा वेगळी होते. उठलेला लिंगो सूड घ्यायला निघत नाही. त्याला झोपेतून जागं झाल्यासारखं वाटतं, आणि तो शोध घेतो तो कोंडलेल्या गोंडांचा. चंद्राला विचारतो, सूर्याला विचारतो. पुढे महादेवाची अवघड अट पुरी करतो, समुद्रातला भुजंग मारतो, आणि माणसं सोडवतो. त्याला उठवताना कुणाचा बळी नाही, डोक्यात चिठ्ठी नाही, कुणी मालक नाही.

लायब्ररीतून हे सगळं टिपून मी दिवाळीत घरी गेलो. आजाला वाचून दाखवलं. वाटलं खूश होईल. तो शेंगा सोलत होता, सोलतच राहिला. मग म्हणाला, "लिंगो मेला म्हणतेस? कोण मारला त्याले?"

"पुस्तकात आहे आजा. दीडशे वर्षं जुनं आहे."

"मग पुस्तकातला मेला असन. आपला नाही मेला."

आणि मग त्याने कचारगडची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी ऐकली होती आणि विसरलो होतो. कली कंकालीची तेहतीस पोरं. ती द्वाड झाली म्हणून शंभूने गुहेत कोंडली, तोंडावर शिळा लावली. आई बाहेर रडते आहे. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायचं ठरवतात. शिळा हलत नाही. मग हिरासुका पाटालीर हा किंगरी वाजवणारा येतो. त्याच्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ येतं, ती आतून जोर लावतात, शिळा सुटते. शिळा गडगडत येते ती हिरासुकावर. पोरं बाहेर येतात आणि तो खाली चिरडून मरतो. त्या पोरांना लिंगो शिकवतो, त्यांच्यापासून गोत्रं, साडेसातशे. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, पण हिरासुका सगळीकडे मरतो.

"मग त्याला कुणी उठवलं नाही?" मी विचारलं. माझ्या डोक्यात अजून लेखाचाच विषय!

"नाही. तो मेला." आजाने शेंगांची टोपली बाजूला केली. "त्याच्या पायी पोरं निघाली ना बाहेर. आता त्याले काहून उठवतेस?"

मला नागातो आठवला, साहजिकच. पण आजाला ते सांगण्यात अर्थ नव्हता. आणि फरकही आहे. नागातोने आधी गाव मारलं होतं, त्याच्याकडे फेडायला काहीतरी होतं. हिरासुकाकडे फेडायला काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती खलनायकाची. छापलेल्या गाण्यात महादेव कोंडतो, आजाच्या गोष्टीत शंभू कोंडतो. मग शंभू खलनायक का? मी तसं म्हणताच आजा खवळला. शंभू आणि गौरा आमच्याकडे पूजेचे आहेत. त्याने पोरं कोंडली तेही खरं आणि तो आमचा तेही खरं. याचं चांगलं-वाईट अशा दोन रकान्यांत विभाजन करून बघितलं, जमलं नाही. ओतेमाचीच्या लोकांचंही मासाकाडोच्या बाबतीत तेच झालं असावं. उलट बाजूने चंद्रपूरचे बाबूराव शेडमाके घ्या. इंग्रजांच्या लेखी बंडखोर गुन्हेगार, 21 ऑक्टोबर 1858 ला फाशी. आमच्या घरात त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी आहे. पाहुणे आले की मी तो फोटो कुणाचा, हे सांगायचं टाळायचो. तेही लिहून टाकतो.

दोन गोष्टींपैकी खरी कुठली, असं सरांनी लेख तपासताना विचारलं. मला वाटतं, दोन्ही. परधान गायक गावोगाव, दारोदार गाणार, ऐकणाऱ्यांतले देव गाण्यात येणार, अमृत येणार, भस्मासुरही येणार (छापलेल्या गाण्यात गुहेचा पहारेकरी तोच आहे). कचारगडची गोष्ट त्यातलं बरंच बाजूला ठेवते. पण छापलेलं जुनं म्हणून अस्सल, आणि आजा बोलतो ते नंतरचं म्हणून भेसळ, हा हिशोब मला मान्य नाही. हिस्लॉपलाही एका माणसानेच सांगितलं होतं.

पार्टनरला मात्र शिळेचा हिशोब हवा होता. तेव्हा इंजिनिअरिंगच्या मासिकाला शोभेल असं थोडं : 16 हात म्हणजे साधारण 7.2 मीटर. रुंदी 2 मीटर आणि जाडी 1 मीटर धरली (ही आमची धारणा, गाण्यात नाही) तर 14.4 घनमीटर. घनता 2.6 धरून वजन सुमारे 37 टन. किंगरीच्या आवाजाने अनुनाद होऊन हा दगड हलेल का? नाही. त्याने वहीची तीन पानं खर्च करून हेच सिद्ध केलं. मग स्वतःच म्हणाला, "पण तेहतीस पोरांनी आतून एकाच तालात ढकललं, तर निदान डुगडुगेल. किंगरी तालासाठी असणार. आपण गाडी ढकलताना 'हैया' म्हणतो ना, तसं." आजाच्या गोष्टीत हे असंच होतं, हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

माघ पौर्णिमेला आम्ही खोलीतले चौघे जाणार आहोत. दरेकशाला उतरायचं, पुढे गर्दी जिकडे जाईल तिकडे. आजाने फोनवर तीन सूचना दिल्या : टॉर्च चांगली आणा, गुहेत आरडाओरडा करू नका, आणि त्या पोराला सांग, शिळा मोजायची असेल तर टेप घरून आण, इथे कोणाकडे नसतो.