ई-लिलावातील मौन बोलीदार : स्थानिक संस्थांनी घ्यावयाची दक्षता

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे बाजारपेठेचे गाव. एकेकाळी येथील कारभार ग्रामपंचायतीकडे होता. आता तो नगरपंचायतीकडे आहे. अशा गावाच्या कारभारात लिलावाला फार जुने स्थान आहे. बाजार वसुलीचा ठेका, दुकानाचे गाळे, वाळलेली झाडे, मोडीत निघालेले साहित्य, या साऱ्यांची विल्हेवाट लिलावानेच लागते. तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेच्या वाळूचे गटही महसूल प्रशासन लिलावानेच देते.

पूर्वी दवंडी पिटली जाई, चावडीसमोर माणसे जमत आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाले की बोली पक्की होई. बोली बोलणारा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा असे. रक्कम न भरता निघून गेल्यास चारचौघांत त्याची पत जाई. ई-लिलावाने दूरदूरच्या लोकांना स्पर्धेत उतरण्याची संधी दिली, दडपण व दमदाटी यांना आळा घातला आणि प्रत्येक बोलीची नोंद ठेवली. मात्र बोलीदार आता पडद्याआड गेला. सर्वोच्च बोली लावून नंतर रक्कम न भरणारा, पत्रास उत्तर न देणारा, दूरध्वनी न उचलणारा बोलीदार ही या पद्धतीतील मोठी अडचण होय.

नुकसान कोणाचे?

ही अडचण केवळ कार्यालयाची नाही. गाळा रिकामा राहिला की भाडे बुडते आणि त्या भाड्यातून होणारी दिवाबत्तीची, नालीची कामे लांबतात. वाळूच्या बाबतीत हानी अधिक खोल असते. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या वाळू धोरणात ई-लिलावाची पद्धत स्वीकारण्यात आली व प्रत्येक वाळू गटातील १० टक्के वाळू घरकुलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. लिलाव घेणाऱ्याने रक्कमच भरली नाही तर गट सुरू होत नाही. पावसाळ्यात उत्खनन बंद ठेवावे लागत असल्याने गेलेले महिने परत मिळत नाहीत. घरकुलाचा पाया घालून बसलेले कुटुंब खोळंबते, वैध वाळू मिळेनाशी होते आणि चोरट्या उपशाला वाव मिळतो.

मौनाची कारणे

बोलीदार गप्प बसण्याची कारणे सारखी नसतात, म्हणून उपायही सारखा असू शकत नाही. काही जण चढाओढीत हिशेब विसरतात. मालाच्या किमतीचा अंदाज सर्वांत अधिक चुकलेला माणूसच पुष्कळदा लिलाव जिंकतो. अर्थशास्त्रात यास ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. काहींना बँकेचे कर्ज वेळेवर मिळत नाही. क्वचित आजार वा मृत्यू हेही कारण असते. काही वेळा चूक कार्यालयाची असते. जागेचा ताबा, हद्द किंवा परवानगी यांचा घोळ असल्याने बोलीदार पैसे गुंतविण्यास धजत नाही.

परंतु सर्वांत घातक कारण म्हणजे संगनमत. एक कल्पित उदाहरण पाहू. एका गाळ्याची हातची किंमत ४ लाख रुपये व अनामत १० हजार रुपये आहे. एक व्यापारी प्रामाणिकपणे ६ लाखांपर्यंत जाण्यास तयार आहे. दुसऱ्याने ४ लाख ६० हजारांची बोली लावताच त्याचा साथीदार एकदम ९ लाखांची बोली लावतो. प्रामाणिक व्यापारी थांबतो. पुढे ९ लाखांचा बोलीदार मौन धारण करतो आणि कार्यालय दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारास ४ लाख ६० हजारांत गाळा देते. संस्थेस १० हजारांची अनामत मिळते, पण १ लाख ४० हजारांचे उत्पन्न बुडते. या जोडीच्या दृष्टीने १० हजार रुपये हा दंड नसून व्यवहाराचा खर्च ठरतो.

म्हणूनच दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अनामत ही मालाच्या किमतीशी प्रमाणशीर असावी, आणि दुसऱ्या बोलीदारास आपोआप माल देण्याची प्रथा पाडू नये. सर्वसाधारणपणे फेरलिलाव हाच निर्धोक मार्ग होय.

अल्प अनामतीचा धडा मोठ्या राष्ट्रांनाही मिळालेला आहे. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या ध्वनिलहरींच्या लिलावात नेक्स्टवेव्ह या कंपनीने सुमारे ४.७ अब्ज डॉलरच्या बोली लावल्या. आरंभी केवळ दहा टक्के रक्कम भरून उरलेली हप्त्यांनी द्यावयाची सवलत होती. कंपनीने १९९८ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला आणि परवान्यांचा वाद २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात संपेपर्यंत त्या लहरी वापराविना अडकून राहिल्या.

कायद्याची बाजू

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार बोली हा एक प्रस्ताव असतो. तो स्वीकारला जाईपर्यंत करार होत नाही आणि केवळ सर्वोच्च बोली लावल्याने बोलीदारास मालावर हक्क प्राप्त होत नाही. म्हणून सक्षम अधिकाऱ्याने बोली स्वीकारल्याचा आदेश विनाविलंब काढणे व तो बोलीदारास कळविणे, ही पुढील सर्व कारवाईची पहिली पायरी आहे. आदेशच महिनाभर पडून राहिला तर बोलीदाराच्या मौनास दोष देता येत नाही.

‘पत्र मिळालेच नाही’ हा नेहमीचा बचाव असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, बोलीदाराने संदेशासाठी नेमून दिलेल्या संगणकीय पत्त्यावर संदेश पोहोचला की तो त्यास मिळाला असे धरले जाते, मात्र उभयतांत निराळे ठरलेले नसावे. त्याने तो उघडून वाचला की नाही, हा प्रश्न उरत नाही. याच अधिनियमाच्या कलम १० अ मुळे करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला या कारणावरून अग्राह्य ठरत नाही. योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून पाठविलेल्या नोंदणीकृत पत्रासही सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ चा आधार आहे. यास्तव नोंदणीच्या वेळीच ई-मेल, भ्रमणध्वनी व टपालाचा पत्ता लेखी घ्यावा आणि तिन्ही मार्गांनी कळवावे.

न्यायालयीन विक्रीचे नियम या बाबतीत मार्गदर्शक आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नुसार स्थावर मालमत्ता घेणाऱ्याने २५ टक्के रक्कम तत्काळ भरावयाची असते आणि उरलेली पंधराव्या दिवसापर्यंत. कसूर झाल्यास विक्रीचा खर्च वजा जाता ठेव जप्त होऊ शकते व फेरविक्री होते. फेरविक्रीत किंमत कमी आली तर त्या तुटीची जबाबदारीही कसूरदारावर येते. मोडीच्या सामानासारख्या जंगम मालासाठी मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५४ मध्ये नोटीस देऊन फेरविक्री करण्याची व नुकसान वसूल करण्याची तरतूद आहे.

जप्तीची मर्यादा

तथापि अनामत जप्त करणे म्हणजे मनमानी नव्हे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या १९८२ मधील एका लिलावात ३ कोटी १२ लाखांच्या बोलीपोटी भरलेली ७८ लाख रुपयांची रक्कम जप्त करण्यात आली होती. तोच भूखंड पुढे १९९४ मध्ये ११ कोटी ७८ लाखांस गेला. कैलाशनाथ असोसिएट्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही जप्ती अमान्य केली. बोलीदाराकडून करारभंग झालेला नव्हता आणि प्राधिकरणाचे नुकसानही झाले नव्हते. संविदा अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ठरविलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले. मात्र करार होण्यापूर्वीच लिलावाच्या अटींनुसार होणाऱ्या जप्तीस हे कलम लागू होत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजेच लिलावाच्या अटी किती स्पष्ट आहेत यावर बरेच काही अवलंबून असते.

काळ्या यादीत नाव टाकण्यापूर्वी बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या इरुशियन इक्विपमेंट प्रकरणातच स्पष्ट केले. कारणे दाखवा नोटिशीत या प्रस्तावित कारवाईचा उल्लेख असला पाहिजे, असे २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणात सांगितले गेले.

कार्यपद्धतीचा क्रम

वरील विवेचनावरून स्थानिक संस्थांना पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. लिलावापूर्वी जागेची हद्द, ताबा व परवानग्या यांची पूर्तता करून घ्यावी. इच्छुकांना मालमत्ता पाहण्यासाठी दिवस ठरवून द्यावा.

२. अनामत, भरण्याची मुदत, मुदतवाढ, जप्ती, फेरलिलावातील तुटीची वसुली आणि दुसऱ्या बोलीदाराबाबतचे धोरण या अटी जाहिरातीबरोबरच, समजेल अशा मराठीत प्रसिद्ध कराव्यात.

३. लिलाव संपताच बोलींची संगणकीय नोंद छापून, स्वाक्षरीसह नस्तीत ठेवावी.

४. स्वीकृतीचा आदेश ठरलेल्या दिवसांत पाठवावा. दूरध्वनीवर बोलणे झाल्यास त्याची तारीख व वेळ टिपून ठेवावी.

५. मुदत टळल्यावर शेवटची संधी देणारी एकच, स्पष्ट नोटीस द्यावी. खरी अडचण सिद्ध झाल्यास अटींच्या चौकटीतच मुदतवाढ द्यावी. तोंडी सवलत देऊ नये.

६. त्यानंतर कारणांसह आदेश काढून अनामतीबाबत निर्णय घ्यावा व फेरलिलावाची तारीख त्याच आदेशात जाहीर करावी. कसूरदारास त्या फेरलिलावातून वगळावयाचे असल्यास तशी अट आधीच असावी.

७. इतर बोलीदारांची अनामत वेळेवर परत करावी. ती अडकून पडल्यास प्रामाणिक माणूस पुढच्या लिलावास येत नाही.

सभागृहातील सदस्यांनी प्रत्येक लिलावाबाबत तीन प्रश्न विचारावेत : रक्कम कधी भरली गेली, न भरल्यास नोटीस कधी गेली, आणि फेरलिलाव केव्हा झाला? शिक्षकांनाही नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्या गावच्या लिलावाची जाहिरात समोर ठेवून सार्वजनिक मालमत्ता व करार यांचा अर्थ मुलांना समजावून देता येईल.

चावडीवरच्या लिलावात शब्दाला किंमत होती, कारण शब्द देणारा समोर उभा असे. संगणकावरील बोलीला तीच किंमत आणून देण्याचे काम आता अटींनी, नोंदींनी आणि वेळेवर केलेल्या कारवाईने करावयाचे आहे. ढाणकीचा गाळा असो की पैनगंगेची वाळू, ती मालमत्ता लोकांची आहे. बोलीदार मौन पाळू शकतो. तिचे रक्षण ज्यांच्याकडे सोपविले आहे, त्यांना तसे करून चालणार नाही.