आगीतून परतलेला निकी लाउडा

‘ग्रां प्री’ हे फ्रेंच शब्द आहेत. अर्थ, मोठे बक्षीस. या नावाची मोटारींची पहिली मोठी शर्यत १९०६ साली फ्रान्समध्ये झाली. मी मात्र १९७६ सालच्या शर्यतीची माहिती देणार आहे.

जर्मनीत न्यूरबुर्गरिंग नावाचा शर्यतीचा रस्ता आहे. डोंगर-जंगलातून जाणारा त्याचा एक फेरा तेव्हा जवळजवळ २३ किलोमीटरचा होता. एवढ्या लांब रस्त्यावर अपघात झाला तर मदत लवकर कशी पोचणार? म्हणून ऑस्ट्रियाचा जगज्जेता निकी लाउडा म्हणाला, इथे शर्यत नको. पण बहुतेक चालकांनी ऐकले नाही.

१ ऑगस्टला दुसऱ्याच फेरीत लाउडाचीच मोटार धडकली आणि पेटली. मागून येणारे चार चालक गाड्या थांबवून धावले. मेर्झारिओने त्याचा पट्टा सोडवला. सर्वांनी मिळून त्याला बाहेर ओढले. ते त्याचे प्रतिस्पर्धी होते बरं का!

लाउडा फार भाजला होता. तरी ६ आठवड्यांनी तो इटलीत मोंझा येथे शर्यतीत उतरला आणि चौथा आला. पुढे १९७७ व १९८४ साली तो पुन्हा जगज्जेता झाला. त्या लांब रस्त्यावर मात्र ग्रां प्री परत कधीच झाली नाही.

बक्षिसे लाउडाला मिळाली. पण मला ते चौघेही तितकेच मोठे वाटतात. त्यांची नावे लक्षात ठेवा: मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि अर्टल.