चंचल बालकांचे औषध आणि रात्रीची झोप

वर्गात क्षणभरही स्वस्थ न बसणारे, हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकणारे मूल सामान्यतः खोडकर समजले जाते. तथापि असे वर्तन घरी आणि शाळेत सातत्याने सहा महिन्यांहून अधिक काळ आढळल्यास ते ‘एडीएचडी’ या विकाराचे लक्षण असू शकते. त्याची तज्ज्ञांकडून तपासणी होणे आवश्यक असते.

या विकारावर मिथाइलफेनिडेट हे औषध दीर्घकाळ वापरात आहे. त्यामुळे अवधान वाढते. परंतु काही बालकांची झोप उशिरा लागते. याची कारणे तीन प्रकारची असतात. साध्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास, तर दीर्घकाळ कार्य करणाऱ्या प्रकारांचा ८ ते १२ तास टिकतो. म्हणून उशिरा घेतलेली मात्रा रात्रीपर्यंत जागे ठेवते. उलट, सायंकाळी परिणाम ओसरताच काही मुले अधिकच अस्वस्थ होतात. तिसरे कारण म्हणजे हा विकारच. औषध न घेणाऱ्या अशा मुलांनाही झोपेचा त्रास होतो.

कारणानुसार उपाय बदलतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अपुऱ्या झोपेनेही मुलाचे लक्ष विचलित होते. औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढविली गेल्यास झोप आणखीच उडते. म्हणून मात्रा वाढविणे, औषध बंद करणे किंवा झोपेची गोळी देणे यांपैकी काहीही पालकांनी परस्पर करू नये.

त्याऐवजी औषधाची वेळ, झोप लागण्याची व जाग येण्याची वेळ यांची आठवडाभर नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. शिक्षकांनी मूल वर्गात केव्हा पेंगते हे पालकांना कळवावे. ३ ते ५ वर्षांच्या बालकास दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास, तर ६ ते १२ वर्षांच्या बालकास ९ ते १२ तास झोप आवश्यक असते. झोपण्याची वेळ ठरलेली असावी आणि त्यापूर्वी तासभर दूरदर्शन संच व मोबाइल बंद असावेत. ४-५ वर्षांच्या बालकांसाठी तर औषधापूर्वी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण देणे, हाच पहिला उपचार मानला जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाडी व शाळांतून होणाऱ्या तपासणीत या विकाराचाही समावेश आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचविल्यास अनेक बालके शिक्षेऐवजी योग्य उपचाराकडे वळतील.